खाऱ्या पाण्यातला घास

"नळाचं पाणी एक थेंबही नाही हं, विमल. आधी आरओचं भरून घ्यायचं, मग त्यात मीठ. मीठ विरघळून पाणी निवळलं की मगच टाकीत. घाई करायची नाही."

मुकुंदरावांचा हा आवाज विमलताईंच्या कानात अजून जसाच्या तसा होता. नाकात नळी, हाताला सुया, आणि दवाखान्यातल्या खाटेवरून माणूस सांगत काय होता, तर टाकीच्या पाण्याचं. विमलताईंनी तेव्हा नुसती मान हलवली होती. त्या हलवलेल्या मानेला त्या जागल्या होत्या. नळाचा थेंब टाकीत गेला नव्हता. मीठ विरघळायच्या आधी बादली उचलली गेली नव्हती.

तरीही पाणी बिघडत चाललं होतं.

अंबरपेठेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलची एक भिंत माशांच्या काचेच्या टाकीनंच अडवलेली. महसूल खात्यातून निवृत्त झाल्यावर लोक योगासनं करतात, सोसायटीच्या राजकारणात पडतात. मुकुंदरावांनी समुद्र आणला. "हैदराबादेत राहून समुद्र कायकू?" असं शेजारच्यांनी विचारलं, की ते हसून म्हणत, "साहेब, समुद्र काही इथवर येत नाही. मीठ येतं. बाकीचं आपण करायचं." मग खडबडीत दगड आले, फेस काढणारं यंत्र आलं, निळा दिवा आला, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची जोडी आली. आणि शेवटी आलं ते कोरल, जिवंत प्रवाळ. आलं तेव्हा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा होता. मुकुंदरावांनी तो दगडावर चिकटवला आणि वर्षानुवर्षं त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. त्याची ओंजळभर जांभळी फुलं झाली. दिवा लागला की उमलायची, मालवला की मिटायची. "हे उमलतंय ना, म्हणजे पाणी बरं आहे असं समजायचं," ते सांगत.

आता ते उमलत नव्हतं. दगडांवर केसांसारखं हिरवं शेवाळ वाढलं होतं आणि प्रवाहाबरोबर डुलत होतं. काच पुसली, की दोन दिवसांत पुन्हा हिरवी. शेवाळाच्या लडी कोरलच्या बुडाशी पोचल्या होत्या. एका बाजूची फुलं विरघळून गेली होती आणि तिथं नुसता पांढरा सांगाडा उरला होता.

विमलताईंना त्या पांढऱ्या जागेकडे बघवत नसे. त्याचं कारण त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवत नव्हता. तसे आता शहरात कावळे उरलेत कुठे. पण एक होता, समोरच्या भिंतीवर बसून सगळं बघत होता. धाकटे दीर विजयभावजी पुढे झाले. "दादा, वहिनींचं सगळं मी बघतो," म्हणाले. कावळा हलला नाही. मग लेक पुढे आली, प्राजक्ता. हात जोडून, रडत म्हणाली, "बाबा, आईला मी कधी अंतर देणार नाही. तुम्ही निश्चिंत जा." कावळ्यानं मान दुसरीकडे फिरवली. ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा विमलताईंनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हटलं, 'तुमच्या टाकीला मी काही कमी पडू देणार नाही.'

डोळे उघडले तेव्हा कावळा पिंडावर होता.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आपण काय बोललो ते विमलताईंनी ओठांआड ठेवलं. पण त्या दिवसापासून त्यांनी एक नेम धरला. तशा त्या नेमाच्याच बाई. सोमवार, चतुर्थी, एकादशी, चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, रोज तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही. त्यात ही एक भर. दुपारी देवाला नैवेद्य दाखवून झाला, की त्यातलाच मीठ-तूप न लावलेल्या भाताचा छोटासा घास बोटांत घ्यायचा, टाकीपाशी जायचं आणि "घ्या" म्हणून पाण्यात सोडायचा. मासे वर येत, शितं तोंडात घेत. विमलताई हात जोडत, डोळे मिटून नाव घेत. डोळे उघडत तेव्हा पाण्यावर काही नसे. मग त्या पानावर बसत. घास गेल्याशिवाय त्यांच्या पोटात अन्न गेलं नव्हतं.

प्राजक्ता रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कुकटपल्लीहून आली ती बाटल्या, थेंबनळ्या घेऊनच. ती एका औषधाच्या कंपनीत तपासणी खात्यात होती. बापाची खुर्ची ओढून ती टाकीसमोर बसली. काचेच्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, पूड टाकली, हलवलं. पाणी बघता बघता गडद निळं झालं.

"फॉस्फेट," ती म्हणाली. "मागच्या खेपेलाही एवढंच होतं. आई, हे शेवाळ काही आभाळातून नाही पडत. टाकीत काहीतरी कुजतं, त्यातून फॉस्फेट सुटतं, ते शेवाळाचं खत. आपण वरून शेवाळ उपटतो आणि खालून कुणीतरी त्याला खत घालतंय."

"आरओचं पाणी आहे गं. तूच ना मागे त्याचं आतलं सगळं बदललंस."

"हौ, म्हणून तर परेशान आहे. पाणी बरं, मीठ बरं. दिव्याची वेळ कमी केली. ते लोखंडाचे दाणे घातले पिशवीत, ते फॉस्फेट ओढून घेतात. चार दिवस उतरतं, पुन्हा तेच. आणि एकदम जास्त दाणे घालावेत तर कोरलला झटका बसतो." तिनं आईकडे वळून बघितलं. "खरं सांग. माशांना दाणे किती घालतेस?"

"चिमूटभर. सकाळी एकदाच. हे घालायचे तेवढेच."

"नक्की?"

"आता काय देवासमोर शपथ घेऊ?"

"नको बाई. तुझा देव बिचारा आधीच तुझ्या उपासांनी दमलाय."

विमलताई हसल्या. कामाची यादम्मा केर काढत होती, तीही काही न कळता हसली. प्राजक्तानं बाह्या सरसावल्या, पारदर्शक नळी घेतली आणि तिचं एक टोक टाकीत, दुसरं बादलीत सोडलं. "आज मागची बाजू बघते. तो मोठा दगड आहे ना, त्याच्या पाठीमागे बाबा गेल्यापासून कुणी हात घातला नसेल."

हात तर विमलताईंनी टाकीत कधीच घातला नव्हता. माशांचं पाणी, त्यात मुकुंदराव अधूनमधून झिंग्यांचा चुरा घालत. त्यासाठी बाल्कनीत वेगळा छोटा फ्रीज ठेवलेला. आंघोळ करून देवाचं करणाऱ्या बाईनं त्या पाण्यात हात घालावा कसा? त्या काच बाहेरून पुसायच्या आणि आतून लांब दांडीच्या ब्रशानं.

नळीतून आधी हिरवट गाळ आला. मग करडा. आणि मग पांढरं काहीतरी यायला लागलं. एक, दोन, मग घोळकाच.

"शी! अळ्या आहेत का काय?" प्राजक्तानं नळी दाबून धरली. बादलीतून एक पांढरा कण बोटावर घेतला, चिरडला, नाकाशी नेला. मग बराच वेळ तो कण बघत राहिली.

"आई. हा भात आहे."

"हौ," विमलताई म्हणाल्या. "ह्यांचा घास."

"म्हणजे?"

"नैवेद्य झाला की ठेवते रोज."

"रोज? टाकीत?" प्राजक्ताचा आवाज चढला. "आणि मी इथं आरओ उघडतेय, दिव्याला शिव्या घालतेय! आत्ता तुला विचारलं ना, काय घालतेस म्हणून?"

"तू दाण्यांचं विचारलंस."

"अगं, खायला काय घालतेस असंच विचारलं ना मी!"

"घास म्हणजे काय खाणं असतं का?" विमलताईंना खरंच कळेना, की पोरगी एवढी का भडकते आहे. "तो ह्यांचा असतो. मासे निमित्ताला. आणि खातात की ते. माझ्यासमोर तोंडात घेतात."

प्राजक्ता उठून स्वयंपाकघरात गेली. तिथून एक शीत बोटावर घेऊन आली आणि पाण्यात सोडलं.

"ये. इथं उभी राहा. आणि डोळे मिटायचे नाहीत."

नर मासा वर आला. शीत तोंडात घेतलं. विमलताईंचे हात सवयीनं जुळले, पापण्या खाली येऊ लागल्या. "आई," प्राजक्ता हळूच म्हणाली. त्यांनी डोळे उघडे ठेवले. माशानं शीत घोळवलं आणि फुंकून बाहेर टाकलं. मादीनं घेतलं. तिनंही टाकलं. मग शीत प्रवाहात गोल फिरलं आणि मोठ्या दगडाच्या वरून पलीकडे, मागच्या काळोखात उतरत गेलं. दोघं मासे पुन्हा आपापल्या जागी गेले, जसं काही झालंच नाही.

विमलताई तशाच उभ्या राहिल्या. जोडलेले हात सोडायचंही त्यांना सुचलं नाही.

प्राजक्तानं उरलेला भात नळीनं ओढून काढला. काढता काढता तिचा राग ओसरला असावा, कारण नंतर ती नुसतीच गुडघ्यावर बसून होती. यादम्मा बादली उचलायला आली, आत बघितलं आणि "अय्यो, अन्नम्" एवढंच पुटपुटली.

जेवणाची वेळ झाली. प्राजक्तानं पानं वाढली. हाक मारली. विमलताई देवांपुढे पाटावर बसल्या होत्या. नैवेद्य दाखवून झालेला होता, समई लागलेली होती.

"चल, आई."

"तू बस. मी जेवणार नाही."

"आज कसला उपास?"

"उपास नाही. घास गेला नाही."

प्राजक्ता दारात टेकून उभी राहिली. "आई, ऐक. तुला दुखवायला नाही म्हणत. हे झेपत नाहीये आपल्याला. सिकंदराबादला बाबांच्या ओळखीचे आहेत ना एक, मोठी टाकी असलेले. त्यांना फोन करते. मासे नेतील, कोरलही नेतील. अजून अर्धं जिवंत आहे, तिथं वाचेल तरी. इथं महिनाभरात संपेल."

"नाही देता यायचं."

"का पण? बाबा काही म्हणाले होते?"

"त्यांनी नाही. मी म्हटलं होतं."

आणि मग विमलताईंनी सांगितलं. इतके महिने ओठांआड ठेवलेलं, देवांकडे तोंड करून, लेकीकडे पाठ ठेवून सांगितलं. भिंतीवरचा कावळा, दर्भ, मनात म्हटलेलं वाक्य. सांगताना आवाज नेहमीसारखाच होता, हळू. फक्त मध्येच थांबत होता.

"रोज वाटायचं, घेतात ते. माझ्या हातचं घेतात," त्या शेवटी म्हणाल्या. "एकही शीत घेतलं नाही गं त्यांनी. सगळं मागं पडून होतं. आणि त्यानंच त्यांची टाकी मारली. काही कमी पडू देणार नाही म्हणून शब्द दिला आणि हे केलं."

विमलताईंनी वळून बघितलं, तर प्राजक्ताचे डोळे भरून आलेले.

"तुला माहितेय, त्या दिवसापासून मला काय वाटत होतं?" ती म्हणाली. "मी म्हटलं, आईला अंतर देणार नाही, आणि त्या मेल्या कावळ्यानं तोंड फिरवलं. मला वाटलं, बाबांचा माझ्यावर भरवसाच नव्हता. कुकटपल्लीला जाऊन बसलेली पोरगी, ही काय बघणार आईला. तेव्हापासून दर रविवारी तडफडत येते मी. आणि आता तू सांगतेस, त्यांना टाकीची काळजी होती!" ती रडता रडता हसायला लागली. "माझ्यापेक्षा माशांची!"

"तसं नाही गं." विमलताई पाटावरून उठल्या, तिच्याजवळ गेल्या, पदरानं तिचा चेहरा पुसला. "तू मला बघशील, ह्याबद्दल त्यांना घोर नव्हताच. म्हणून तुझ्या बोलण्यानं कावळा हलला नाही. भरवसा नव्हता तो माझ्यावर. ही बाई टाकी बुडवणार, हे त्यांना ठाऊक होतं."

"आणि बुडवलीसच!"

"बुडवली."

दोघी हसल्या, आणि हसणं संपल्यावर दोघींना काय करावं ते कळेना. पानं झाकून ठेवलेली होती. भाताची वाफ गेली होती.

विमलताई पुन्हा देवांकडे बघत राहिल्या. नैवेद्याची वाटी तिथं होती, तुळशीपत्र घातलेली. रोजची वाटी, रोज दाखवायची, पाणी फिरवायचं, डोळ्यांना पाणी लावायचं आणि उचलून आणायची. सासूबाईंनी शिकवलं तेव्हापासून हे असंच. त्यांनी आयुष्यभर देवाला नैवेद्य दाखवला होता. देवाच्या तोंडात तो कोंबला मात्र एकदाही नव्हता. देव उपाशी राहिला, असं कधी मनातही आलं नाही. वाटीतला घास तसाच्या तसा परत येई, तरी तो प्रसाद होई आणि घरच्यांच्या पानात पडे.

"प्राजू," त्या म्हणाल्या, "माझं पान दे इकडे."

पान घेऊन त्या हॉलमध्ये गेल्या. टाकीसमोर मुकुंदरावांची खुर्ची होती, तिच्यावर पान ठेवलं. उजव्या हातानं पानाभोवती पाणी फिरवलं. "दाखवलं हं," म्हणाल्या. क्षणभर थांबल्या. मासे काचेपाशी आले, वरखाली झाले. विमलताईंनी पान उचललं, जमिनीवर बसल्या, आणि पहिला घास, जो इतके महिने पाण्यात जात होता तो, आपल्या तोंडात घातला.

प्राजक्ता आपलं पान घेऊन शेजारी येऊन बसली. जेवताना ती कामाचंच बोलत राहिली, बहुधा मुद्दाम. दाणे आता एक दिवसाआड. माशांना काही होत नाही, त्यांनाही उपास सोसतो. दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं, एकदम नाही. दगडांतही फॉस्फेट मुरलेलं असतं, ते महिनोन् महिने झिरपत राहणार. शेवाळ रोज हातानं उपटायचं, मऊ ब्रशानं घासायचं, आणि सुटलेलं लगेच नळीनं ओढायचं, नाहीतर पुन्हा कुजतं. कोरलच्या बुडाशी तर फारच जपून. "ते लांब दांडीच्या ब्रशाचं काम नाही. बोटंच लागतात. मी रविवारी येऊन करत जाईन."

"रोजचं काम रविवारी करून कसं चालेल?"

"मग काय, मी रोज कुकटपल्लीहून येऊ?"

विमलताई भात कालवत राहिल्या.

"आणि ह्या पावसाळ्यापर्यंत उमललं नाही तर सिकंदराबादला द्यायचं," प्राजक्ता म्हणाली. "कबूल? तू शब्द टाकीतल्या जिवांसाठी दिलायस, हॉलच्या भिंतीसाठी नाही. तिथं वाचत असेल तर तिथं. बोल."

विमलताईंनी त्या पांढऱ्या सांगाड्याकडे, आणि त्याला लागून उरलेल्या मिटलेल्या जांभळ्या ओळीकडे बघितलं. आज पहिल्यांदा नजर हटवली नाही.

"कबूल," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी प्राजक्ता गेली. जाताना ब्रश, नळी, बादली टाकीजवळ मांडून गेली आणि जिन्यातून दोनदा ओरडून सांगितलं, की स्विच बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही.

दुसऱ्या दिवशी विमलताई नेहमीप्रमाणे पहाटे उठल्या. नेहमी उठल्या की पहिली आंघोळ, मग सोवळं, मग फुलं, मग पूजा. इतक्या वर्षांत हा क्रम आजारपणातही मोडला नव्हता. आज त्या बाथरूमच्या दारापर्यंत गेल्या, गरम पाण्याची बादली लावली, आणि मग ती तशीच ठेवून बाहेर आल्या. देवघरासमोर उभ्या राहिल्या. देव रात्रीच्या वस्त्रांतच होते, कालची फुलं सुकलेली.

"आज थोडं थांबा," त्या म्हणाल्या. "आजपासून रोजच थोडं थांबावं लागेल. आंघोळीच्या आधी माझं एक काम असणार आहे."

त्यांनी हॉलमधला दिवा लावला. टाकीचे स्विच एकेक करून बंद केले. पाण्याची घरघर थांबली, तसं घर फार शांत झालं. हातातल्या बांगड्या काढून खुर्चीवर ठेवल्या. ब्लाउजची बाही कोपराच्या वर दुमडली, पदर कमरेला घट्ट खोचला. झाकण उचललं तेव्हा खारट, दमट वास नाकात शिरला आणि त्यांचा हात क्षणभर काचेच्या काठावरच थांबला.

मग त्यांनी तो खाली घातला. पाणी वाटलं होतं त्यापेक्षा कोमट होतं. नर मासा धावून आला, मनगटाला धडक देऊन गेला. "हो, हो," विमलताई त्याला म्हणाल्या, "तुझंच घर आहे." त्यांनी दगडावर शेवाळ चाचपलं, केसांत अडकलेली जट सोडवावी तसं दोन बोटांत हळूच धरलं, आणि कोरलच्या बुडापासून सुरुवात केली.